मित्र, मालक आणि फरशी: 'माय ब्युटिफुल लाँड्रेट' (1985)

गवतीचहा | गुरु, रात्री 11:52

हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात होस्टेलच्या खोलीत. चौघांत एक लॅपटॉप, आवाज बारीक, दाराला कडी. कुणाला कळलं तर काय, ही धाकधूक इतकी होती की दोन पोरांचं चुंबन सोडून पुढची दहा वर्षं मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. परवा पुन्हा पाहिला, कडी न लावता. या वेळी चुंबन राहिलं बाजूला आणि फरशी डोक्यात बसली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. (शेवट सांगणार आहे. चाळीस वर्षं झाली चित्रपटाला, रसभंगाची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.)

दक्षिण लंडन, थॅचरबाईंचा काळ. ओमर हा पाकिस्तानी बापाचा आणि इंग्रज आईचा पोरगा. बाप एकेकाळचा नावाजलेला पत्रकार, विचारांनी डावा, आता अंथरुणात पडून दारू पीत असतो. घर रेल्वेरुळांना लागून, आणि आईने त्याच रुळांवर जीव दिलेला. काका नासिर याच्या अगदी उलट: गॅरेज, भाड्याची घरं, घरी बायको आणि बाहेर रेचेल नावाची इंग्रज मैत्रीण. काका पुतण्याला आधी गाड्या धुवायला लावतो, मग डबघाईला आलेलं एक लाँड्रेट चालवायला देतो. ओमर त्या कामावर जॉनीला घेतो. जॉनी गोरा, ओस पडलेल्या घरांत घुसून राहणारा, ओमरचा लहानपणापासूनचा दोस्त. आणि मधल्या काळात, बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणत निघालेल्या मोर्च्यात सामील झालेला. ओमरच्या बापाने त्याला त्या मोर्च्यात पाहिलंय. जॉनीनेही बघणाऱ्या बापाचा चेहरा पाहिलाय.

इथवर ऐकलं की आपण आपोआप पुढचं ठरवून टाकतो. गोरा मुलगा रडेल, माफी मागेल, सावळा मुलगा मोठ्या मनाने माफ करेल, पावसात मिठी. तसं इथे काही होत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मागच्या खोलीत ओमर हा मोर्च्याचा विषय काढतो. लुइशमचं नाव घेतो. विटा, बाटल्या, युनियन जॅक. बाप त्या दिवसांनंतर कसा खचला आणि तो राग आईवर कसा निघाला, तेही सांगतो. हे सगळं जॉनी त्याच्या मागे उभा राहून, त्याला जवळ घेत असताना. जॉनी म्हणतो (शब्द माझे), की बोलून भरून निघेल असं माझ्याकडे काही नाही. मी तुझ्याबरोबर आहे हे करूनच दाखवता येईल. बस. आणि काचेच्या पलीकडे, नव्याकोऱ्या यंत्रांच्या मधल्या जागेत, काका आणि रेचेल वॉल्ट्झ नाचताहेत. एकाच चौकटीत दोन जोड्या, दोन्ही चोरून. एवढी दाटीवाटी इतक्या सहज बसवलेली मी फार कमी पाहिली आहे.

आता फरशी. एका प्रसंगात ओमर जॉनीला स्वच्छ सुनावतो: शाळेत तू आणि तुझ्या टोळक्याने मला लाथा घातल्या, आज तू माझी फरशी पुसतोयस आणि मला ते असंच आवडतं. हे तो ज्याच्यावर जीव टाकतो त्यालाच म्हणतोय. चेहऱ्यावर लाज नाही. जॉनीही खवळत नाही.

माझा प्रश्न असा: ही मैत्री आहे की वसुली? आणि वसुली असेल तर ती चालू असताना प्रेम खोटं ठरतं का? मला स्वतःला वाटतं की या दोघांचं नातं टिकतं ते हिशोब मिटवल्यामुळे नाही. वही उघडीच आहे, दोघांनाही तिच्यातली बाकी पाठ आहे, आणि तिच्याच शेजारी बसून ते रोज धंदा करतात. हे मला माफीपेक्षा खरं वाटलं.

बोला.

---

दुपारची_झोप | शुक्र, सकाळी 8:10

वाचनखूण साठवली. लाँड्रेट म्हणजे आपली लाँड्रीच ना? इस्त्रीवाला?

---

थेम्सकाठचा | शुक्र, दुपारी 2:35

@दुपारची_झोप, नाही हो. इथे ना धोबी ना इस्त्री. रांगेने कपडे धुण्याची यंत्रं, नाणी टाकायची, कपडे आत कोंबायचे आणि बाकावर बसून काचेतून आपलेच कपडे गरागरा फिरताना बघत राहायचं. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्यांकडे घरी मशीन नसायचं, त्यामुळे गल्लीतले सगळे तिथे यायचे. गोरे, काळे, आपल्यातले, म्हातारे, नुकते काडीमोड झालेले. सार्वजनिक नळाची इंग्रजी आवृत्ती समजा, फक्त भांडणं हळू आवाजात. दोन जमातींतल्या मुलांची गोष्ट घडवायला याहून साधी जागा सापडली नसती.

पिक्चरमधलं दुकान व्हॉक्सहॉलजवळ विलकॉक्स रोडवर आहे. आधी पाटी 'चर्चिल्स', मग ओमर तिचं करतो 'पावडर्स', निऑनच्या अक्षरांत. चर्चिल उतरवून पावडर चढवली यातला खवटपणा कुणाच्या लक्षात आला का? पावडर म्हणजे धुण्याची, आणि दुसरीही. कारण दुकानाला लागलेले पैसे चोरलेल्या अमली मालाचे आहेत.

---

खडीसाखर | शुक्र, दुपारी 3:02

मला चित्रपटाबद्दल गंभीर काही लिहायचं नाही, फक्त पात्रयोजना बघा. ओमरचा बाप रोशन सेठ, काका नासिर सईद जाफरी. ॲटेनबरोंच्या 'गांधी'त (1982) रोशन सेठ नेहरू आणि सईद जाफरी सरदार पटेल! तीन वर्षांत नेहरू-पटेल दक्षिण लंडनमध्ये सख्खे भाऊ होऊन पोचले. नेहरू पुस्तकं आणि बाटली घेऊन अंथरुणात, पटेल धंद्यात. कुणीतरी यावर प्रबंध लिहा.

आणि जॉनी म्हणजे डॅनियल डे-लुईस. 'गांधी'तही तो आहे, अगदी छोट्या भूमिकेत. दक्षिण आफ्रिकेत फुटपाथवर गांधींची वाट अडवणारा गोरा टपोरी तोच. म्हणजे वाट अडवणारा पोरगा पुढे येऊन फरशी पुसायला लागला.

---

पाटावरवंटा | शुक्र, दुपारी 3:15

हसून हसून पुरेवाट. नेहरू-पटेल __/\__

आमच्या पिढीला सईद जाफरी म्हणजे 'चष्मेबद्दूर'मधला पानवाला लल्लन मियाँ. त्याची उधारी वसूल करण्याची तऱ्हा आठवा आणि मग नासिर बघा. माणूस तोच, फक्त सूट चढवलाय.

---

रेल्वेफाटक | शुक्र, रात्री 9:48

धागा चांगला आहे पण एका गोष्टीवर आक्षेप. 'दोन वंशांतली मैत्री' असं म्हणून आपण ओमरला बिचारा करतोय. तो बिचारा नाही. नासिर जॉनीला भाडेकरू हुसकायला लावतो तो प्रसंग बघा. ज्याला बाहेर काढतात तो पाकिस्तानीच आहे, कवी. जॉनीला प्रश्न पडतो की तुमच्यातल्याच माणसाला कसे काढता? त्यावर नासिरचं उत्तर असं की मी धंद्याने पाकिस्तानी नाही, धंद्याने व्यापारी आहे, आणि या नव्या उद्यमी युगात वंशाचा प्रश्नच येत नाही.

अख्ख्या चित्रपटातलं सर्वात भेदक वाक्य ते. बापाला वाटत होतं वर्णद्वेष समाजवादाने जाईल. काकाला कळलंय की पैसा असला की तो निदान दाराबाहेर थांबतो. आणि रस्त्यावरची पोरं दाखवून देतात की पैसा असला तरी गाडीच्या काचेपर्यंत तो येतोच. ओमर या तिघांकडून शिकतो आणि काकाच्या रस्त्याने जातो. त्याला जॉनी हवा आहे तसाच दुकानही हवं आहे, आणि दोन्हींतलं जास्त काय हवंय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

---

गवतीचहा | शुक्र, रात्री 10:20

@रेल्वेफाटक, बरोबर, बिचारा नाहीच. मी 'वसुली' म्हणाले ते त्याच अर्थाने. पण बापाचा रात्रीचा प्रसंग विसरू नका. उद्घाटन आटोपल्यावर, सगळे गेल्यावर, तो धडपडत दुकानात येतो. तिथे फक्त जॉनी. बाप त्यालाच विनवतो: माझ्या पोराला या अंतर्वस्त्रं धुण्याच्या धंद्यातून बाहेर काढ, कॉलेजात घाल. ज्या पोराला मोर्च्यात पाहून तो खचला त्याच्याचकडे मदत मागतोय, कारण आता मुलावर वजन असलेला दुसरा कुणी उरलेला नाही. शिवाय कामगार वर्गाने आपली कशी निराशा केली हेही तिथेच ऐकवतो! रोशन सेठने ते असं म्हटलंय की हसावं की गप्प बसावं कळत नाही.

---

आडवाटे | शनि, सकाळी 7:30

मोर्चे म्हणजे नक्की कुठले? कुणी संदर्भ सांगेल का?

---

थेम्सकाठचा | शनि, सकाळी 11:20

सांगतो, थोडं घरचंही सांगतो.

लुइशमचा मोर्चा 13 ऑगस्ट 1977 चा. नॅशनल फ्रंट हा उघड वर्णद्वेषी पक्ष न्यू क्रॉसहून लुइशमकडे निघाला. त्यांना अडवायला स्थानिक काळी पोरं, डावे, पाद्री, कोण कोण रस्त्यावर उतरले. इंग्लंडच्या रस्त्यावर पोलिसांनी दंगलीच्या ढाली पहिल्यांदा काढल्या त्या दिवशी. त्याआधी 20 एप्रिल 1968 रोजी खासदार इनॉक पॉवेलने बर्मिंगहॅमला बाहेरून आलेल्यांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण ठोकलं होतं. लंडनमध्येच 1979 मध्ये साउथॉलची दंगल, 1981 मध्ये ब्रिक्स्टनची. चित्रपटातली पोरं या हवेत मोठी झालेली आहेत.

माझे काका साताऱ्याकडचे, डॉक्टर. वुल्व्हरहॅम्प्टनला नोकरीला होते, म्हणजे पॉवेलच्याच मतदारसंघात. गंमत बघा, हाच पॉवेल 1960 ते 63 आरोग्यमंत्री होता, आणि तेव्हा इथली सरकारी इस्पितळं आपल्याकडच्या डॉक्टर-नर्सांवर चालू लागली होती. काका म्हणायचे, दिवसा वॉर्डात 'थँक यू डॉक्टर' आणि संध्याकाळी बसस्टॉपवर 'पाकी'. आम्ही पाकिस्तानी नाही, हे सांगायच्या भानगडीत ते पडले नाहीत. ज्याने शिवी दिली त्याला भूगोल शिकायचा नव्हता.

तेव्हा हा सिनेमा 'त्यांचा' म्हणून बघू नका. रस्त्यावर त्या शिवीच्या वाट्याला मराठी, गुजराती, पंजाबी, बंगाली सगळे सारखेच येत होते.

---

पाटावरवंटा | शनि, दुपारी 12:05

लेखकाचा मुंबईशी संबंध आहे ना काही?

---

खडीसाखर | शनि, दुपारी 12:40

आहे. पटकथा हनीफ कुरेशीची, त्याची पहिलीच. जन्म 1954, वाढला लंडनच्या ब्रॉम्लीत, आई इंग्रज. वडील 1947 साली शिकायला म्हणून मुंबईहूनच इंग्लंडला गेले. बाकीचं घराणं फाळणीनंतर कराचीला. म्हणून चित्रपटात ती गंमत येते: कराचीच्या घराला 'आपलं घर' म्हणणारी चेरी (नासिरच्या अमली धंदेवाल्या नातेवाइकाची, सलीमची बायको) ओमरला वेड्यात काढते, की युरोपच्या कडेच्या या फालतू बेटाला कुणी शहाणा माणूस घर म्हणेल का! ओमर कराचीला कधी गेलेलाच नाही.

दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स. चॅनेल फोरच्या पैशातून, टीव्हीसाठी म्हणून 16 मिमीवर केलेला. खर्च सगळा मिळून सहा-साडेसहा लाख पौंड. 1985 च्या एडिंबरा महोत्सवात लोकांनी डोक्यावर घेतला, मग थिएटरात आणावा लागला. पुढे पटकथेला ऑस्करचं नामांकन. न्यूयॉर्कात डे-लुईसचे दोन चित्रपट एकाच दिवशी लागले होते. या एकात केस रंगवलेला रस्त्यावरचा दोस्त, दुसऱ्यात ताठ कॉलरचा खानदानी इंग्रज. समीक्षकांना माणूस एकच आहे हे पचेना.

---

चावडीवरचा | शनि, दुपारी 4:18

म्हणजे शेवटी गे पिक्चर. ते मैत्री वगैरे पांघरूण कशाला? सरळ म्हणा की.

---

गवतीचहा | शनि, दुपारी 4:50

@चावडीवरचा, सरळच म्हटलंय. धाग्याच्या तिसऱ्या वाक्यात चुंबन आहे, पांघरूण कुठे दिसलं?

पण तुमच्या खोचक प्रश्नात खरा प्रश्न आहे म्हणून उत्तर देते. या चित्रपटात कुणी कुणाला 'मी गे आहे' असं सांगतच नाही. आईबापापुढे कबुली नाही, रडारड नाही, आजार नाही, शेवटी मरण नाही. 1985 सालचा विचार करा. त्याच ऑक्टोबरात हॉलिवूडचा नट रॉक हडसन एड्सने गेला आणि वर्तमानपत्रं पिसाळल्यासारखी लिहीत होती. पुढे तीन वर्षांत ब्रिटनमध्ये कलम 28 आलं: स्थानिक प्रशासनांनी समलिंगी संबंधांचा 'प्रसार' करायचा नाही, शाळांत ते नातं कुटुंब म्हणून मान्य असल्यासारखं शिकवायचं नाही. त्या हवेत हे दोघे एकमेकांच्या मानेला गल्लीत हळूच जीभ लावतात आणि कामाला लागतात. अडचण दुसऱ्यांची आहे, यांची नाही.

आणि मैत्री पहिली होती म्हणून मैत्री म्हटलं. एकत्र शाळेत जाणं आधी, मोर्चा मग, शरीर त्यानंतर. मोर्चा नसता तर ही साधी प्रेमकथा झाली असती.

---

रेल्वेफाटक | शनि, सायं 5:30

त्यावरून आठवलं, न्यूयॉर्कात पाकिस्तानी लोकांनी थिएटरबाहेर निदर्शनं केली होती. आमच्या समाजात असली माणसं नाहीत, म्हणून. आणि स्थलांतरित मालक, गोरा नोकर हे चित्र काही गोऱ्यांनाही रुचलं नसणार. दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या म्हणजे काहीतरी बरोबर जमलं असावं, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ती पद्धत आवडत नाही, पण इथे लागू पडते.

---

आडवाटे | शनि, रात्री 8:12

काल रात्री पाहिला. सगळे ओमर-जॉनीवर बोलताय आणि तानियाबद्दल एक अक्षर नाही!

नासिरची मुलगी. बापाला ती ओमरच्या गळ्यात बांधायची आहे. ओमर हो-नाही करत वेळ काढतो, कारण काका खूश राहिला तर दुकान राहतं. ती जॉनीला विचारते, माझ्याबरोबर निघून येतोस का? तो ओमरला सोडून येत नाही. उद्घाटनाला ती बापाच्या मैत्रिणीला तोंडावर सुनावते तेव्हा रेचेल तिला जे उत्तर देते तेही ऐकण्यासारखं आहे: तू बापाच्या पैशावर जगतेस, मीही त्याच्यावरच, आपल्यात फरक पिढीचा. शेवटी तानिया बॅग घेऊन स्टेशनवर उभी, बाप समोरच्या गॅलरीतून हाका मारतोय, मधून गाडी जाते आणि गाडी गेल्यावर फलाट रिकामा.

दोन पुरुषांची वही उघडी राहिली हे छान आहे हो. तिची वहीच कुणी घातली नव्हती. ती ज्या रुळांवरून निघून जाते तिथेच ओमरच्या आईने जीव दिला होता. या घरातल्या बायकांना बाहेर पडायला एवढीच वाट, असं काहीसं वाटलं. पण एक उभी राहून गाडीची वाट बघत होती, एवढा फरक.

---

गवतीचहा | शनि, रात्री 8:40

@आडवाटे, सपशेल कबूल. लिहिताना तिचा एक परिच्छेद होता, लांबतंय म्हणून काढला. काय काढलं ते बघा म्हणजे.

---

चावडीवरचा | रवि, सकाळी 9:05

आपल्याकडे असं काढायचं तर वंशाऐवजी जात घालावी लागेल. शाळेत ज्याला वेगळं बसवलं तो मालक आणि बसवणारा नोकर. बघू कोण काढतो.

---

रेल्वेफाटक | रवि, सकाळी 9:40

@चावडीवरचा, काडी टाकायला आलात आणि कामाचं बोलून गेलात. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊनच, तेव्हा हा पूल जुना आहे. पण तो विषय इथे दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

---

संपादक | रवि, सकाळी 10:15

सदस्यांनी या धाग्यावर चित्रपटापुरतीच चर्चा ठेवावी. दोन प्रतिसाद काढले आहेत, कारण संबंधितांना माहीत आहे.

---

दुपारची_झोप | रवि, दुपारी 1:30

पाहिला! सुरुवातीला इंग्रजी डोक्यावरून गेलं, सबटायटल लावले. ते बुडबुड्यांच्या आवाजाचं संगीत कुणाचं? आणि शेवटी जॉनी मारामारीत का पडतो? सलीम तर त्याला कस्पटासमान वागवत असतो.

---

खडीसाखर | रवि, दुपारी 2:10

संगीत स्टॅन्ली मायर्स आणि हान्स झिमर. हो, तोच झिमर, अगदी सुरुवातीचा.

मारामारी: सलीमने जॉनीच्या जुन्या टोळक्यातल्या एकाला गाडीखाली घेतलंय, म्हणून ते दबा धरून बसतात आणि सलीमला तुडवतात. जॉनी आधी आतून नुसता बघतो. किती वेळ बघतो ते मोजा, तो वेळ मुद्दाम दिलाय. मग बाहेर येतो आणि मधे पडतो. त्याचा जुना साथीदार गेंगिस त्याला आधीच बजावून गेलाय की आपल्या माणसांपासून तुटू नकोस, दुसऱ्या कुणाला तू नको आहेस, प्रत्येकाला कुठेतरी आपलं म्हणावं लागतं. जॉनी ते आपलेपण सोडतो, आणि तेही ज्याच्यावर त्याचा काडीचा जीव नाही अशा माणसासाठी. 'करूनच दाखवता येईल' म्हणाला होता ना, ते हे.

---

गवतीचहा | रवि, दुपारी 2:45

आणि त्यानंतर दुकानाची काच फुटलेली, जॉनीचं तोंड फुटलेलं, तो निघून जायला बघतो आणि ओमर त्याला जाऊ देत नाही. शेवटच्या दृश्यात मागच्या खोलीतल्या बेसिनपाशी दोघे उघडे, एकमेकांवर पाणी उडवताहेत. इथे धुणारा कोण आणि मालक कोण ते मला दोनदा बघूनही सांगता आलं नाही. दुकान उद्या उघडणार की नाही तेही चित्रपट सांगत नाही.

---

थेम्सकाठचा | रवि, रात्री 10:30

आज काकांना फोन केला होता. आता ऐंशीच्या पुढे आहेत, कान मंद. विचारलं, हा सिनेमा पाहिला होता का तेव्हा?

म्हणाले, "टीव्हीवर लागला होता. तो पानवाला ना, गोरी बाई घेऊन नाचतो तो?"

म्हटलं हो. आणि त्यातली ती दोन पोरं?

"कुठली पोरं?"

म्हटलं, जाऊ द्या. मग गुडघे, हवा, साताऱ्याच्या घराची कौलं असं बोलणं झालं. फोन ठेवता ठेवता म्हणाले,

"तो गोरा शेवटी थांबला का रे?"

थांबला म्हटलं.

"हं," म्हणाले, आणि ठेवला.